नांदूर मधमेश्वर, बाराही महिने: पक्षी बघायचे तर आधी पाणी बघा

काठावरची | 27 सप्टेंबर, 21:15

'नांदूर मधमेश्वरमधून जायकवाडीकडे इतके क्युसेक विसर्ग.' पावसाळ्यात ही ओळ बातम्यांत इतक्या वेळा येते की पुष्कळांना नांदूर मधमेश्वर म्हणजे पुराचा एक आकडा वाटतो. डिसेंबर उजाडला की तेच नाव थंडी, दुर्बिणी आणि फोटोंसोबत परत येतं. जानेवारी सरला की पुढच्या पुरापर्यंत त्याची कुणालाच आठवण नसते.

मी नऊ वर्षं तिथे जाते आहे. पहिली दोन वर्षं फक्त हिवाळ्यात जायचे, नंतर दर महिन्याला. लवकरच इथे 'कधी जावं?' हा प्रश्न येईल आणि पाच-सहा जण 'डिसेंबर-जानेवारी' असं उत्तर देतील. ते उत्तर चूक नाही, पण मला ते आता फार अपुरं वाटतं, म्हणून हा धागा.

जागा माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात तिथे इंग्रज काळातला दगडी बंधारा आहे. तो बांधला शेतीसाठी. त्याच्या दोन्ही बाजूंनी डावा आणि उजवा कालवा निघतो. पक्षी तेव्हा कुणाच्या मनातही नव्हते. पण दोन नद्यांनी वर्षानुवर्षं गाळ आणून टाकला, फुगवट्यात, म्हणजे बंधाऱ्यामागे साचलेल्या पाण्यात, बेटं तयार झाली, पाणी उथळ पसरलं, काठाला पाणकणीस माजलं आणि पक्ष्यांनी ती जागा आपली केली. 1986 साली अभयारण्य झालं, 100 चौरस किलोमीटरहून थोडं मोठं. जानेवारी 2020 मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, समावेश झाल्याची घोषणा झाली. महाराष्ट्रातलं ते पहिलं रामसर स्थळ. लोणार त्याच वर्षी नंतर आलं आणि ठाणे खाडी 2022 मध्ये. पक्ष्यांच्या अडीचशेहून अधिक जातींची नोंद आहे.

आता मूळ मुद्दा. तिसऱ्या वर्षी डिसेंबरात मी सहा मैत्रिणींना घेऊन गेले. आदल्या रविवारी अभयारण्याच्या काठावरच्या चापडगावच्या बाजूला चिखलाचा मोठा पट्टा उघडा होता आणि त्यावर टिलवे, चिखल्या, तुतवार, शेकाटे अशी गर्दी होती की मोजणं मी मध्येच सोडलं होतं. त्याच भरवशावर सगळ्यांना पहाटे चारला उठवलं. जाऊन बघते तर पट्टाच नाही! जिथे चिखल होता तिथे मांडीभर पाणी. दूरवर वारकरी पक्ष्यांचा काळा थर आणि थोडी बदकं, बाकी काही नाही. मैत्रिणी म्हणाल्या, "छान आहे की." त्यांना खरंच छान वाटलं होतं. मी मात्र घरी येईपर्यंत एकाच विचारात होते, की आठ दिवसांत इतके पक्षी गेले कुठे आणि का.

उत्तर पाण्यात होतं. वरच्या धरणांतून पाणी आलं, फुगवटा चढला, चिखल बुडाला. टिलव्याचे पाय केवढे, चोच केवढी! त्याला बोटभर पाणी पुरतं, त्याहून खोल झालं की त्याच्यासाठी ते ताट उचललं गेलं. शेकाट्याचे पाय लांब, तो आणखी थोडा आत चालत जातो. चक्रांग, थापट्या, तलवार बदक पाण्यात बुडी मारत नाहीत, डोकं खाली आणि शेपटी वर करून तळ चाचपतात, म्हणजे त्यांना साधारण वीत-दीड वीत पाणी हवं. त्यातही तलवार बदकाची मान लांब, म्हणून चक्रांग जिथे पोचत नाही तिथलं खाणं त्याला मिळतं. लालसरी बुडी मारते, तिला खोल पाणी चालतं. चमच्या आणि चित्रबलाक गुडघाभर पाण्यात चोच उघडी ठेवून चालतात. एका वितीचा फरक पडला की सगळी वस्ती बदलते.

तेव्हापासून माझ्या वहीत पहिली नोंद पक्ष्यांची नसते. काठावर एक जुना दगड आहे, त्याच्या कितव्या भेगेपर्यंत पाणी आलंय ते आधी लिहिते. मग दुर्बीण काढते.

सध्याचं सांगायचं तर सप्टेंबर हा माझा आवडता आणि सगळ्यांत दुर्लक्षित महिना. तुतवारी जुलै-ऑगस्टपासूनच परतायला लागतात. आपल्याकडे पाऊस ऐन भरात असतो तेव्हा उत्तरेकडचा त्यांचा विणीचा हंगाम संपलेला असतो. बदकांत भुवई बदक पहिल्या तुकड्यांत येतं. आणि इथे भल्याभल्यांची परीक्षा होते, कारण या दिवसांत नर-मादी सगळीच तपकिरी दिसतात. विणीनंतर नर आपली रंगीत पिसं टाकतो आणि काही आठवडे मादीसारखा साधा राहतो. पुस्तकातला पांढरी भुवई मिरवणारा नर शोधत बसलात तर समोर दीडशे भुवई बदकं असूनही 'काहीच नाही' म्हणून परत याल. चोचीचा आकार, डोक्यावरच्या रेघा आणि उडताना पंखावर दिसणारा पट्टा बघायचा.

हिवाळ्याबद्दल फार लिहीत नाही, ते सगळ्यांना माहीत आहे. एवढंच, की निफाडचा पारा राज्यात सगळ्यांत खाली गेल्याच्या बातम्या उगाच येत नाहीत. हातमोजे न्या. आणि उसाच्या कडेनं अंधारात एकट्यानं चालू नका, त्या भागात बिबट्यांचा वावर आहे.

तुमच्याही नोंदी इथे टाका. शक्य असेल तर पाणी किती होतं तेही लिहा.

चिखलवाट | 27 सप्टेंबर, 22:02

वाखु (वाचनखूण) साठवली. बोट, वीत, गुडघा हे माप फार आवडलं. मी इतकी वर्षं 'पक्षी आलेत का' एवढंच फोन करून विचारायचो.

नवखी दुर्बीण | 28 सप्टेंबर, 08:40

मी याच वर्षी सुरुवात केली आहे. दोन प्रश्न. दुर्बीण कोणती घ्यावी? आणि या वेळी गेले तर मला एकटीला काही ओळखू येईल का? तपकिरी बदकांचं वाचून धीर खचला.

उत्तरायण | 28 सप्टेंबर, 09:55

@नवखी दुर्बीण, 8×42 घ्या. आठपट मोठं दिसतं आणि पुढचं भिंग 42 मिलिमीटरचं असतं, त्यामुळे पहाटेच्या कमी उजेडातही चित्र स्वच्छ राहतं. दहापटीचा मोह होतो, पण हात हलला की चित्रही तेवढंच जास्त हलतं. लांबच्या बेटांवरच्या बदकांसाठी स्पॉटिंग स्कोप (तिपाईवरची मोठी एकनळी दुर्बीण) लागतो, पण तो स्वतः घ्यायची घाई नको. पक्षीगणनेला गेलात तर कुणी ना कुणी आणलेला असतो आणि आनंदानं दाखवतात.

तपकिरी बदकं तूर्त बाजूला ठेवा. आधी बारमाही मंडळी पक्की करा: वारकरी, टिबुकली, हळदी-कुंकू बदक, जांभळी पाणकोंबडी, राखी बगळा, जांभळा बगळा, शेकाट्या, टिटवी, कवड्या खंड्या. एवढे डोळ्यांत बसले की परका पक्षी आपोआप वेगळा दिसायला लागतो.

आणि एक विनंती सगळ्यांनाच. प्रत्येक पाहुण्याला 'सायबेरियन पक्षी' म्हणणं आपण थांबवू या. मागच्या वर्षी निरीक्षण मनोऱ्यावर एक गृहस्थ मुलांना क्रौंच दाखवत होते आणि 'हे सायबेरियन क्रौंच' म्हणून सांगत होते. तो पांढराशुभ्र पक्षी भारतात भरतपूरला यायचा आणि 2002 नंतर तिथेही दिसलेला नाही. आपल्याकडे येतात ते राखाडी, म्हणजे सामान्य क्रौंच आणि करकोचा. रोहित (फ्लेमिंगो) दिसले तर ते बहुधा कच्छच्या रणाकडून आलेले. पट्टकादंब हा डोक्यावर पट्टे असलेला हंस तिबेट, मंगोलिया, लडाख इथल्या सरोवरांवर वीण करतो आणि हिमालय ओलांडून येतो. उपग्रह यंत्रं बसवलेल्या पट्टकादंबांची 7,290 मीटरपर्यंतच्या उंचीवर उडाल्याची नोंद आहे. शक्यतो रात्री किंवा पहाटे, हवा थंड आणि दाट असताना ते डोंगर पार करतात. हे खरं सांगितलं तर मुलांचे डोळे जास्त विस्फारतात, असा माझा अनुभव आहे.

काठावरची | 28 सप्टेंबर, 13:20

उत्तरायण, अगदी. शिवाय पट्टकादंबाच्या मानेत रंगीत पट्टा किंवा कुणाच्या पायात कडी दिसली तर रंग आणि अक्षरं टिपून घ्या, फोटो काढा, आणि बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला) कळवा. पक्षी कुठून निघाला ते कळण्याचा तो सगळ्यांत साधा रस्ता आहे.

@नवखी दुर्बीण, जरूर जा. एकटीनं जाण्यापेक्षा चापडगावच्या स्थानिक गाइडला सोबत घ्या. ही गावातलीच माणसं आहेत. पुस्तकात न मिळणाऱ्या गोष्टी त्यांना ठाऊक असतात, उदाहरणार्थ कोणत्या बाभळीवर रातबगळे दिवसभर झोपतात.

गोदाकाठी | 28 सप्टेंबर, 22:48

ताई, मी इथलाच, थडीवरचा शेतकरी. इतकी वर्षं नुसतं वाचतो, आज पहिल्यांदा लिहितोय.

तुम्ही दगडाची भेग बघता ते चांगलंच आहे, पण ती बघेपर्यंत पाणी येऊन गेलेलं असतं. ते कधी येणार हे आम्हाला आधी कळतं, कारण आमचं सगळं त्याच्यावर चालतं. पाटाला आवर्तन, म्हणजे शेतीसाठी ठरल्या वेळी कालव्यात सोडायचं पाणी, सुटायचं असलं की आधी गंगापूर, दारणा, पालखेड यांपैकी कुठून तरी पाणी सोडतात, बंधारा भरतो आणि मग कालवे चालू होतात. आवर्तन चालू असेपर्यंत फुगवटा वर-खाली होतो. आवर्तन बंद झालं, वरून येणारं थांबलं की पाणी हळूहळू बसतं आणि चिखल उघडा पडतो. रब्बीचं आवर्तन, उन्हाळी आवर्तन यांच्या तारखा ठरतात, पेपरात येतात. पाटकऱ्याला, म्हणजे पाटाचं पाणी सोडणाऱ्या माणसाला, विचारलं तरी कळतं. तुमच्या मैत्रिणी आल्या तेव्हा रब्बीचं पाणी सुटलेलं असणार.

दुसरं थोडं कडू आहे. इथं सगळे गाळाचं कौतुक करतात. त्याच गाळामुळं बंधाऱ्यात पाण्याला जागा उरली नाही. पाऊस जोरात झाला की पाणी मागं फुगतं. सायखेडा, चांदोरीला पूर येतो तो दरवर्षी बातम्यांत बघता ना? आमची नदीकडची सव्वा एकर दोनदा खरवडून गेली. थंडीत क्रौंच हरभऱ्यात उतरतात, त्याचं मला एवढं वाटत नाही, दोन घाटे खातील. पण गाळ काढा म्हटलं की लगेच 'पक्ष्यांचं काय' म्हणतात, तेव्हा आमचं काय हेही कुणी तरी विचारावं.

चिखलवाट | 29 सप्टेंबर, 07:31

@गोदाकाठी, लिहिलंत ते बरं झालं. नऊ-दहा वर्षं येतो, पण आवर्तन हा शब्द मी पक्ष्यांशी कधी जोडलाच नव्हता.

काठावरची | 29 सप्टेंबर, 23:05

दादा, तुमचा प्रतिसाद मी तीन वेळा वाचला.

पहिलं म्हणजे, माझ्या जुन्या वह्या काढल्या. सात वर्षांच्या नोंदी आहेत. त्यांतले 'पाणी अचानक वाढलं' असे शेरे आणि जुन्या बातम्यांतल्या आवर्तनाच्या तारखा शेजारी ठेवल्या. बहुतेक जुळल्या. मी वर्षानुवर्षं ज्याला नशीब म्हणत होते ते वेळापत्रक होतं!

दुसऱ्या मुद्द्यावर माझ्याकडे सरळ उत्तर नाही. ज्या बेटांवर बदकं बसतात ती तुमच्या अडचणीतूनच तयार झाली आहेत, हे मला तुम्ही लिहिण्याआधी इतकं स्पष्ट दिसलं नव्हतं. सगळा गाळ काढला तर उथळ पाणी जाईल आणि त्यासोबत टिलव्यापासून चमच्यापर्यंत सगळे जातील. काहीच केलं नाही तर पूर मागच्या गावांत शिरत राहील. मला वाटतं, नदीच्या मुख्य धारेत काय करायचं आणि कडेच्या उथळ भागात काय राखायचं याचा वेगवेगळा विचार व्हायला हवा, आणि तो करताना थडीवरची माणसं टेबलाशी हवीत. तुमच्या सव्वा एकराचं वाचून वाईट वाटलं.

शांत पाणी | 6 नोव्हेंबर, 20:12

पक्षी सप्ताह सुरू झालाय म्हणून धागा वर आणतोय. 5 नोव्हेंबर मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, 12 नोव्हेंबर सलीम अलींचा. काल शाळेच्या मुलांना घेऊन गेलो होतो. थापट्या, गडवाल, चक्रांग आले आहेत. चक्रवाकाच्या तीन जोड्या. दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी पाणकणसावरून फिरला की सगळी बदकं एकदम उठायची, ते बघून मुलं स्वतःहून गप्प झाली. पाणी: मनोऱ्यासमोरच्या बेटाची कड उघडी, चिखल दहा-बारा पावलांचा.

एक तक्रार मांडतो. तिथे एका फोटोवाल्या गटानं थवा उडावा म्हणून टाळ्या वाजवल्या. उडत्या थव्याचा फोटो हवा होता म्हणे. मुलांसमोर वाद घालायचा नव्हता म्हणून मी शांतपणे बोललो. त्यांनी ऐकलं, पण मुलांनी विचारलं, 'सर, असं का करतात?' मला नीट सांगता आलं नाही.

उत्तरायण | 6 नोव्हेंबर, 21:40

त्यांना असं सांगा: उडणं हे पक्ष्याचं सगळ्यांत महागडं काम आहे. हजारो किलोमीटर उडून आलेला पक्षी झिजलेला असतो आणि इथे दिवसभर खाऊन ती झीज भरतो. विनाकारण उडवलं की खाणं थांबतं आणि साठवलेलं खर्च होतं. भोवत्यानं उडवलं तर तो निसर्गाचा भाग. त्याच्यावर आपण आणखी दहा वेळा उडवलं तर हिशेब बसत नाही. मार्च-एप्रिलमध्ये हे जास्त लागू, कारण तेव्हा ते परतीसाठी चरबी साठवत असतात.

ड्रोन तर नकोच, अभयारण्यात परवानगीशिवाय चालतही नाही. आणि मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला झुडपातून बाहेर काढणंही मला त्याच माळेतलं वाटतं.

नवखी दुर्बीण | 19 जानेवारी, 19:26

जाऊन आले! जानेवारीतल्या पाणपक्षी गणनेच्या गटात नाव दिलं होतं. मला वारकरी मोजायचं काम मिळालं. सगळ्यांनी 'सोपं काम दिलंय' म्हटलं, पण दर दोन मिनिटांनी ते एकमेकांत मिसळतात. शेवटी शिकवलं तसं दहा मोजले, तेवढ्या दहांचा ठसा डोळ्यांत धरला आणि मग शंभराचे तुकडे पाडले.

तलवार बदकाचा नर उन्हात बघितला. मानेवरून वर चढणारी ती पांढरी रेघ फोटोत कधी इतकी नाजूक दिसली नव्हती. काठावरच्या ताई म्हणाल्या तसं दगडही शोधला. पाणी चौथ्या भेगेच्या खाली होतं. बरोबरच्या काकांनी विचारलं, दगडाकडे काय बघतेस? मग त्यांना हा सगळा धागा सांगितला.

काठावरची | 19 जानेवारी, 21:03

चौथ्या भेगेच्या खाली म्हणजे टिलव्यांचं पाणी. छान दिवस मिळाला तुम्हाला. वारकऱ्यांबद्दल मनापासून: त्यांना कुणी फोटोत घेत नाही, पण बहिरी ससाणा किंवा भोवत्या आला की ते कसे एकमेकांना खेटून गोळा होतात ते एकदा निवांत बघा.

काठावरची | 13 एप्रिल, 18:50

उन्हाळ्याची नोंद, जरा मोठी आहे.

आज पहाटे साडेपाच ते साडेनऊ. नऊनंतर ऊन सोसत नाही आणि पाण्यावरची हवा थरथरायला लागते, दुर्बिणीत सगळं वितळल्यासारखं दिसतं. बदकं बहुतेक गेली. भुवई बदकं मात्र अजून आहेत, आणि आता नर पुस्तकातल्यासारखे: तपकिरी डोक्यावर कोरलेली पांढरी भुवई. सप्टेंबरात ज्यांनी छळलं तेच आता पन्नास पावलांवरून ओळखू येतात. पिवळे धोबीही निघायच्या तयारीत. हिवाळ्यात मळकट होते ते आता हळदीत बुडवल्यासारखे पिवळे. आपल्याकडे येताना साधे कपडे आणि जाताना लग्नाचे, असं माझी आजी म्हणाली असती.

पण सांगायचं दुसरंच आहे. पाणी खूप खाली गेलंय आणि गाळाची लांबच लांब जीभ उघडी पडली आहे. त्यावर टिटवी, छोटा कंठेरी चिखल्या आणि पाणभिंगऱ्या घरटी करतात. घरटं म्हणायचं एवढंच, नाही तर ते उघड्या जमिनीवरचं हलकंसं खोलगट. अंडी मातीच्याच रंगाची. म्हणूनच एप्रिल-मेमध्ये कृपा करून उघड्या गाळावर चालू नका. 'इथे तर काही नाही' असं वाटतं, आणि पाऊल पडतं नेमकं तिथेच.

मी काठावरच्या झाडाखालून दुर्बिणीनं पाणभिंगऱ्यांची वसाहत बघत होते. उन्हाचा चटका वाढला तशी एक मादी (की नर, यांच्यात ओळखू येत नाही) अंड्यांवर पंख पसरून सावली धरून उभी राहिली. चोच उघडी, धापा टाकत. चाळीस मिनिटं तशीच. तेवढ्यात गोदाकाठी दादांचा फोन आला. मागच्या महिन्यापासून ते मला आवर्तनाच्या तारखा कळवतात. म्हणाले, "ताई, परवा उन्हाळी पाणी सुटतंय."

मी त्या गाळाकडे बघत राहिले. पाण्यापासून तो वीतभरही उंच नव्हता.

चिखलवाट | 13 एप्रिल, 19:30

काहीच करता येणार नाही का? कुणाला तरी सांगून दोन-तीन आठवडे पुढे ढकलता येत नाही का?

गोदाकाठी | 13 एप्रिल, 21:17

भाऊ, त्या पाण्यावर खाली पार कोपरगाव, राहात्यापर्यंतची उभी पिकं आहेत, पिण्याच्या पाण्याचे तलाव भरायचे आहेत. एक आठवडासुद्धा लांबवता येत नाही, मीच लांबवू देणार नाही. पण खोटं बोलत नाही, ताईंशी बोलून फोन ठेवला तेव्हा मला चुकल्यासारखं झालं. चाळीस वर्षं त्या गाळावरून जनावरं पाण्यावर नेली. तिथं कुणाची अंडी असतील हे डोक्यात आलं नव्हतं.

काठावरची | 20 एप्रिल, 10:44

काल गेले होते. जीभ पूर्ण पाण्याखाली. पाणभिंगऱ्या पाण्यावर भिरभिरत होत्या, कुठेही उतरत नव्हत्या. टिटव्यांची एक जोडी बांधावर, बऱ्याच उंचावर ओरडत होती. टिटवीची अंडी गेली तर ती बऱ्याचदा पुन्हा घालते, त्यामुळे त्यांच्यासाठी आशा आहे.

वनविभागातल्या ओळखीच्या कर्मचाऱ्यांशी बोलले. पाणी लांबवा असं म्हटलं नाही, दादांचं बरोबर आहे. एवढंच विचारलं, की पाणी एकदम सोडण्याऐवजी फुगवटा मार्चच्या सुरुवातीलाच थोडा वर राखला, तर सखल गाळ मुळात उघडाच पडणार नाही आणि पक्षी वरच्या जागा निवडतील, असं होऊ शकेल का. त्यांनी लिहून द्यायला सांगितलं. सात वर्षांच्या पाण्याच्या नोंदी तारखांसह देते आहे. दादा, तुमच्या आवर्तनाच्या तारखाही जोडू का?

गोदाकाठी | 20 एप्रिल, 12:09

जोडा. खाली माझं नाव पण घाला.

शांत पाणी | 29 जून, 20:35

पहिला जोरदार पाऊस झाला. चातक ऐकला. ढोकऱ्यांच्या पाठीवर तांबूस शाल आली आहे, गाय बगळे केशरी झालेत. सुगरणींचे नर बाभळीवर अर्धी घरटी विणून माद्यांना बोलावताहेत. आणि मुग्धबलाक डबक्याडबक्यांत गोगलगायी शोधताहेत. रस्ता निसरडा आहे, विसर्ग सुरू झाला तर बंधाऱ्याकडे जाऊ नका, गेटवर विचारूनच आत जा.

काठावरची | 20 जुलै, 17:22

आज आतल्या बाजूच्या कमळाच्या डबक्याशी दोन तास बसले. रिमझिम होती, एकही माणूस नव्हता.

लांब शेपटीचा कमळपक्षी. हिवाळ्यात ज्यांनी हा बघितलाय त्यांना पटणार नाही की हा तोच. आता मानेमागे सोनेरी झळाळी, काळीभोर छाती आणि पाठीमागे कोयत्यासारखी वळलेली शेपटी. यांच्यात मादी अंडी घालून निघून जाते आणि दुसऱ्या नराशी जोडी जमवते. अंडी उबवणं, पिलं सांभाळणं सगळं नराकडे. समोरचा नर तरंगत्या पानांवरच्या चार तांबूस अंड्यांवर बसला होता.

मी असताना पाणी चढायला लागलं. आज विसर्ग वाढला असावा. एप्रिल आठवून पोटात गोळाच आला. नर उठला, घरट्याभोवती लांब बोटांनी चालत एक फेरी मारली, कडेची पानं चोचीनं ओढून आत घेतली आणि परत बसला. पाणी साधारण चार बोटं चढलं असेल. घरटं पानांसकट वर आलं, तो बसूनच होता.

दगड सहाव्या भेगेपर्यंत बुडालाय. दादा, गंगापूरचा आजचा आकडा काय?

गोदाकाठी | 20 जुलै, 18:01

रात्रीतून वाढवणार आहेत म्हणतात. मी जनावरं वर आणली आहेत. उद्या उजाडल्यावर डबक्याकडे चक्कर टाकतो आणि सांगतो.